नव्याण्णव सेंटांचा पक्षी

माल खपत नाही म्हणून दुकानदाराने तो मांडणीवरून काढला, तर आपल्याला त्यात नवल वाटत नाही. माल खपतोय म्हणून काढला असं कुणी सांगितलं, तर मात्र त्याच्या डोक्याची काळजी वाटेल. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने फेब्रुवारी २०२३मध्ये जवळपास तेच केलं, आणि कंपनीचं डोकं अगदी ठिकाणावर होतं.

खेळ होता अँग्री बर्ड्स. बेचकीतून रागीट पक्षी भिरकावायचे आणि हिरव्या डुकरांची लाकडी-काचेची घरं पाडायची. डिसेंबर २००९मध्ये आयफोनवर ९९ सेंटांना आलेला हा खेळ जगभर कसा पसरला ते सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या जत्रेतसुद्धा त्या लाल पक्ष्याचे फुगे विकले गेले. पण हा मूळ खेळ २०१९मध्ये दुकानांतून गायब झाला होता. चाहत्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीने तो नव्या तंत्रावर पुन्हा बांधला आणि ३१ मार्च २०२२ रोजी परत आणला. किंमत तीच, ९९ सेंट. जाहिराती नाहीत, हिरे-माणकं विकत घ्या म्हणून मागे लागणं नाही, ‘तुमचे जीव संपले, अर्धा तास थांबा’ हेही नाही. पैसे द्या आणि खेळा.

अकरा महिनेही झाले नाहीत तोच रोव्हिओने जाहीर केलं की २३ फेब्रुवारीपासून हा खेळ गूगलच्या प्ले स्टोअरवर मिळणार नाही. ॲपलच्या दुकानात तो राहील, पण ‘रेड्स फर्स्ट फ्लाइट’ या नावाने. कारण सांगितलं ते असं की, या खेळाचा कंपनीच्या इतर खेळांवर परिणाम होतो आहे. मी याचा अर्थ असा लावतो: ज्याला एकदा ९९ सेंट दिले की काम संपतं असा पक्षी शेजारी बसलेला असताना, ‘फुकट’ म्हणवणाऱ्या पण रोज चिल्लर मागणाऱ्या पक्ष्यांकडे गिऱ्हाईक कशाला फिरकेल? नाव बदलण्यामागचा हिशेबही तोच असणार. ‘अँग्री बर्ड्स’ असं टाइप करणाऱ्याला पहिल्यांदा हा सापडू नये.

ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांचा खेळ काढून घेतला नाही, हे खरं. तरी या घटनेत मोबाइलवरच्या खेळाचं सगळं अर्थशास्त्र दडलेलं आहे. खेळ स्वस्त होत गेला आणि खेळ नाहीसे होऊ लागले, या एकाच दोरीच्या दोन गाठी आहेत. दोरी सुरुवातीपासून उलगडू या.

ॲपलचं ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडलं, तेव्हा त्यात ५०० ॲप्स होती. सेगा कंपनीचा सुपर मंकी बॉल हा त्या दिवसांतला गाजलेला खेळ ९.९९ डॉलरना होता. हातात धरायच्या गेमयंत्राची कार्ट्रिज अमेरिकेत तीस-पस्तीस डॉलरना मिळे, त्या मानाने दहा डॉलर म्हणजे स्वस्ताई. पण ही किंमत टिकली नाही, आणि त्याचं कारण मला फार गमतीचं वाटतं. दुकानाच्या दर्शनी भागात सर्वाधिक खपणाऱ्या ॲप्सची यादी असे. ती यादी नगांवर बेतलेली होती, गल्ल्यावर नाही. शंभर जणांना दहा डॉलरना विकलंत तर तुम्ही यादीत खाली. हजार जणांना एक डॉलरला विकलंत तर वर. गल्ला दोघांचा सारखाच, पण गिऱ्हाइकाला दिसतो तो वरचा. छोट्या पडद्यावर चार बोटं सरकवून खाली जाण्याचा उत्साह कुणाला असतो! तेव्हा यादीत चढायचं तर भाव पाडा. एकाने पाडला, दुसऱ्याने पाडला, आणि वर्ष उलटायच्या आत सगळे तळाला येऊन बसले. तळ होता ९९ सेंट, कारण ॲपलच्या दरपत्रकात फुकटाच्या वरची पहिली पायरी तीच होती. नव्याण्णवच्या भावाची जादू आपल्याला बाटाच्या दुकानाने केव्हाच शिकवली आहे. इथे ती साऱ्या बाजाराचा कायदा झाली.

जून २००९मध्ये ॲपलने खेळाच्या आतच वस्तू विकायची सोय दिली, पण फक्त विकतच्या ॲप्सना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती फुकट ॲप्सनाही खुली झाली, आणि ९९ सेंटांचा तळही फुटला. आता प्रवेश फुकट, आतलं पाणी, खुर्ची आणि पंखा पैसे देऊन. प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज हा खेळ २०१०मध्ये आयफोनवर २.९९ डॉलरना विकत घ्यावा लागे. त्याचा दुसरा भाग २०१३मध्ये फुकट आला आणि आत दुकान थाटलेलं होतं.

आपल्याकडे तर विकत घ्यायची सवय रुजायच्या आतच फुकटाची आली. त्याआधीचा जमाना बटणांच्या फोनचा. चार-पाच आकडी नंबरावर एसएमएस करायचा, बॅलन्समधून पैसे कापले जायचे आणि जावावर चालणारा एखादा छोटा क्रिकेटचा खेळ फोनवर यायचा. मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९मध्ये सुरू केलेली इंडियागेम्स ही कंपनी याच धंद्यात वाढली. पुढे ती यूटीव्हीकडे गेली, आणि यूटीव्हीबरोबर २०१२मध्ये डिस्नेच्या पोटात. ते खेळ ज्या फोनांसाठी केले होते ते फोनच आता भंगारात आहेत. स्मार्टफोन आले, तेव्हा भारतात गूगल प्ले स्टोअरवर विकतच्या ॲपची किमान किंमत ५० रुपये होती. २०१५मध्ये गूगलने ती १० रुपयांवर आणली. एका वडापावात खेळ. तरीही घेणारे थोडेच, कारण शेजारी शून्य रुपयांचे हजारो पडलेले होते.

पैसे देणाऱ्याची मानसिकता कुठवर घसरली होती, याचं उत्तम उदाहरण म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली. लंडनच्या असटू या संस्थेचा हा खेळ, एप्रिल २०१४चा. पांढऱ्या टोपीची एक मुलगी अशक्य जिन्यांवरून चालते. आपण मनोरे फिरवायचे आणि तिला वाट करून द्यायची. हा देखणा खेळ घडवायला ५५ आठवडे आणि सुमारे साडेआठ लाख डॉलर लागले, हे त्या मंडळींनी स्वतःच आकडेवारी मांडून सांगितलं. किंमत ३.९९ डॉलर. लोकांनी डोक्यावर घेतला. मग नोव्हेंबरात त्यांनी नवे आठ भाग काढले आणि त्यांचे १.९९ डॉलर मागितले. झालं! एका-एका ताऱ्याचा पाऊस पडला. आधी पैसे दिले आहेत, आता पुन्हा कशाला, हा सूर. दोन डॉलरमध्ये लंडनात धड कॉफी येत नाही. आणि अँड्रॉइडवर तर ज्या फोनांत हा खेळ होता त्यातल्या ५ टक्क्यांनीच पैसे भरले होते, असं संस्थेने जानेवारी २०१५मध्ये सांगितलं. बाकीचे सगळेच चोर नव्हते, काहींना तो जाहीर सवलतीत फुकट मिळाला होता आणि काहींनी एकदाच पैसे भरून दोन उपकरणांवर घेतला होता. पण अंदाज यावा इतका तो आकडा बोलका आहे.

आता एक साधा हिशेब. ९९ सेंटांतून दुकानाचा वाटा ३० टक्के. उरले सुमारे ७० सेंट. ते खेळ करणाऱ्याला एकदाच मिळाले, समजा २०१०मध्ये. त्यानंतर दर सप्टेंबरला आयफोनची नवी प्रणाली येते, पडदा लांबतो, कोपरे गोल होतात, जुन्या आज्ञा बाद होतात. दरवेळी कुणीतरी खेळ उघडून तपासायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा दुकानाकडे मंजुरीला पाठवायचा. हे काम कोण करणार आणि कुठल्या पैशाने? पुस्तकाचं असं नसतं. १९६०मध्ये छापलेली कादंबरी आज उघडली तर कागद पिवळा झालेला दिसेल, पण प्रकाशकाने दर भाद्रपदात येऊन तिची पानं बदलावी लागत नाहीत. खेळाची पानं मात्र बदलावी लागतात. सत्तर सेंट घेऊन कुणी दहा वर्षं पानं बदलत बसत नाही. जो रोज चिल्लर मागतो त्याचा खेळ तेवढा दुरुस्त होत राहतो, आणि ज्याने एकदाच रास्त दाम घेऊन पाठ सोडली तो आधी मरतो. प्रामाणिक दुकानदाराचं दिवाळं आधी निघावं, अशी ही रचना आहे.

मरणाचा सर्वांत मोठा दिवस १९ सप्टेंबर २०१७. त्या दिवशी ॲपलची ११वी मोबाइल प्रणाली आली. फोनचा मेंदू एका वेळी किती मोठा आकडा हाताळतो त्यावरून ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन जाती पडतात. २०१३च्या आयफोन ५एसपासून ॲपलचे फोन ६४ बिटांचे झाले होते, पण जुनी ३२ बिटांची ॲप्सही चालवून घेत होते. अकराव्या प्रणालीने ती चालवणं बंद केलं. फोनवर चिन्ह तसंच. दाबलं की सूचना यायची, निर्मात्याने अपडेट केल्याशिवाय हे उघडणार नाही. निर्माता असेल तर अपडेट करील. कुणी कंपनी बंद केलेली, कुणी नोकरीला लागलेलं, कुणाकडे मूळ संगणकीय मजकूरच शिल्लक नाही. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने तेव्हा अशा ॲप्सचा अंदाज १ लाख ८७ हजारांच्या घरात बांधला होता.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली, तिची चर्चा फार झाली नाही. तोवर संगणकावरच्या आयट्यून्समध्ये ॲपची फाइल उतरवून ठेवता येत असे. काही शहाणे लोक आपले विकतचे खेळ असे जपून ठेवत. सप्टेंबर २०१७मध्ये आलेल्या आयट्यून्सच्या नव्या आवृत्तीतून हा कप्पाच काढून टाकला. फोनवर जुनी प्रणाली परत टाकावी म्हटलं, तर काही दिवसांत ॲपल जुन्या प्रणालीला मान्यता देणं थांबवते. मग फोन ती स्वीकारतच नाही. म्हणजे घर तुमचं, कुलूप तुमचं, किल्लीवाला मात्र दुसऱ्या गावचा.

नाहीसं होण्याच्या इतर तऱ्हा भराभर सांगतो. बायोशॉक हा संगणकावरचा नावाजलेला खेळ ऑगस्ट २०१४मध्ये आयफोनवर १४.९९ डॉलरना आला, म्हणजे त्या बाजारात चांगलाच महाग. पुढच्याच वर्षी तो दुकानातून दिसेनासा झाला. इन्फिनिटी ब्लेड, ज्याच्याकडे बोट दाखवून फोनवर काय दर्जाची चित्रं उमटू शकतात हे सांगितलं जाई, त्याचे तिन्ही भाग एपिक कंपनीने १० डिसेंबर २०१८ रोजी विक्रीतून काढले; सांभाळणं झेपत नाही, हे कारण. टेट्रिसचं निराळं. तो खेळ एकाचा आणि फोनवर आणायचा परवाना दुसऱ्याचा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आपली टेट्रिस ॲप्स २१ एप्रिल २०२० रोजी कायमची बंद केली, आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या फोनवरचीही थंड पडली. व्हिएतनामच्या डाँग न्गुएन याने तर फेब्रुवारी २०१४मध्ये आपला तुफान चाललेला फुकट फ्लॅपी बर्ड स्वतःच काढून टाकला, कारण त्याला तो गोंगाट सोसवेना. दुसऱ्या दिवसापासून लोक तो खेळ असलेले जुने फोन हजारो डॉलरना लिलावात मांडू लागले. फुकट खेळाचं मोल कळायला तो मरावा लागला.

मग आपण पैसे देतो ते नेमकं कशाचे?

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना टीव्हीला जोडायच्या गेमची पिवळी कॅसेट आठवत असेल. खरं तर ती कार्ट्रिज, पण आपण कॅसेटच म्हणायचो. वर ‘९९९९९९ इन वन’ असं छापलेलं, आत मोजून आठ-दहा खेळ, बाकीची त्यांचीच उलटसुलट नावं. चालेनाशी झाली की बाहेर काढायची, तोंडाने फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. कंटाळा आला की शेजारच्या मुलाशी अदलाबदल, नाहीतर दुकानात जुनी देऊन वर वीस-तीस रुपये टाकून दुसरी. माल नकली होता, मालकी मात्र अस्सल.

ही मालकी कायद्यालाही मान्य होती. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं म्हणजे हक्कभंग. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते खुशाल ८९ सेंटांना विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८मध्ये निकाल लागला: एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची हुकमत चालत नाही. म्हणून जुनी पुस्तकं रस्त्यावर विकता येतात, मित्राला देता येतात, नातवासाठी ठेवता येतात. डिजिटल खेळ विकताना कंपन्यांनी ही भानगडच मिटवली. त्या प्रत विकत नाहीत, परवानगी देतात. आपण न वाचताच ‘सहमत’ म्हणून दाबतो त्या लांबलचक मजकुरात हे लिहिलेलं असतं. बटणावर मात्र ‘खरेदी करा’.

परवानगी परत घेता येते, याचा पहिला मोठा दाखला खेळांतला नसून पुस्तकांतला आहे. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने किंडलवर विकली गेलेली एका प्रकाशकाची पुस्तकं हक्काच्या वादामुळे गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर पुसली. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पुसलेल्यांत होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’. नियतीलाही विनोदबुद्धी असते.

खेळांच्या बाबतीत ठिणगी पडली ती युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’वरून. संगणक आणि कन्सोलवरचा हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४चा. एकट्याने खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला हवा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून त्याचे परवानेही काढून घेतले गेले. त्यातून युरोपात नागरिकांची मोहीम उभी राहिली: खेळ बंद करायचा तर करा, पण विकत घेतलेल्याला तो चालवता येईल अशा स्थितीत सोडून जा. जुलै २०२५मध्ये त्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कंपन्यांचं म्हणणं असं की सर्व्हर फुकट चालत नाहीत, आणि सर्व्हरभोवती बांधलेला खेळ त्याच्याशिवाय जगवणं खर्चाचं आहे. यात तथ्य आहे. पण एकट्याने खेळायच्या खेळाची नाळ सर्व्हरला कुणी बांधली, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५पासून मधला मार्ग काढला: परवानगी विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा, न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. खेळ याने वाचत नाही, निदान शब्द तरी वाचतो.

आपल्याकडे या प्रश्नाने वेगळं रूप घेतलं. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला त्याचे भारतातले सर्व्हर बंद झाले. खेळ फुकट होता, पण आतल्या ‘यूसी’ नावाच्या चलनात बंदुकांच्या आणि कपड्यांच्या ‘स्किन’ विकत घेण्यात पोरांनी खाऊचे, वाढदिवसाचे पैसे घातले होते. जुलै २०२१मध्ये पबजीच्याच क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय हा त्याचा अवतार आणला आणि जुन्या खात्यातला माल ठरावीक मुदतीत तिकडे हलवायची सोय दिली. मुदतीत हलवला त्यांचा वाचला. पुढे २८ जुलै २०२२ रोजी तोही दुकानांतून काढला गेला, आणि मे २०२३मध्ये परतला. या पोरांना परवाना आणि मालकी यांतला फरक कुठल्याही वकिलाने समजावून सांगायची गरज नाही.

राहिलं भाडं. ॲपल आर्केड २०१९मध्ये भारतात महिना ९९ रुपयांना आलं, गूगलचा प्ले पासही २०२२मध्ये तेवढ्यालाच. जाहिराती नाहीत, आतलं दुकान नाही. पैसे थांबले की खेळ थांबला. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. भाड्याचं घर भाड्याचं म्हणूनच मिळालं तर तक्रार कसली? फक्त इथे घरमालक मधूनच एखादी खोलीही पाडतो: करार संपला की खेळ यादीतून निघून जातो, तुम्ही अर्ध्यात असलात तरी.

आमच्या घरी कपाटाच्या खालच्या खणात एक जुना टॅब्लेट आहे. कोपऱ्यावर काच तडकलेली, चार्जर विशिष्ट कोनात धरला तरच लागतो. गेल्या मे महिन्यात भाचा आला होता, त्याला काढून दिला. त्यावरचा चित्रकोड्यांचा एक खेळ मी कधीकाळी पैसे देऊन घेतला होता. भाच्याने विचारलं, “मामा, हा माझ्या फोनवर का नाही येत?” शोधून पाहिलं. नव्या फोनच्या दुकानात त्याचा मागमूस नाही. टॅब्लेटवर मात्र संगीतासकट चालतो, कारण हा टॅब्लेट इतका जुना आहे की त्याला नवी प्रणाली कुणी देऊ केलीच नाही. आयफोन ५ आणि चौथ्या पिढीचा आयपॅड यांचंही असंच आहे: अकरावी प्रणाली त्यांना मिळाली नाही, म्हणून ३२ बिटांचे खेळ त्यांच्यावर आजही उघडतात.

तेव्हा घरात असं एखादं जुनं यंत्र असेल, तर एक्स्चेंजमध्ये हजार-दीड हजारांना देण्याआधी ते एकदा चालू करून बघा. आपोआप अपडेट होण्याची सोय बंद करा. आवडता खेळ त्यावर असेल, तर ‘जागा रिकामी करा’ अशी सूचना आली म्हणून तो काढू नका. पुन्हा मिळेलच असं नाही. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्मी ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. पाठ फुगलेली दिसली तर मात्र त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या.